हिरव्या पिशवीचा नंबर

आमच्या कॅज्युअल्टीत केसपेपरची खिडकी एकच, आणि त्या खिडकीमागे बावीस वर्षं मी. माझं तोंड वाईट आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणाची तक्रार नको. रोज दोनशे माणसं काचेला नाक लावून "आमचं आधी घ्या" म्हणतात, तिथे किती गोड बोलणार? पण हे माझ्याबद्दल नाही. हे काचेपलीकडच्या माणसाबद्दल आहे. त्याला सगळा दवाखाना कंडक्टर म्हणतो.

कंडक्टर म्हणजे आमच्या दारावरचे सिक्युरिटी गार्ड. पंचवीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. मग ती बस कंपनीच बंद पडली आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हे गृहस्थ आमच्या दाराशी उभे राहिले. गणवेश बदलला, जीभ काही बदलली नाही. "चला, पुढे चला, पुढे जागा आहे!" अहो, कुठली जागा? पुढे माझी खिडकी आणि खिडकीमागे भिंत. तरी लोक सरकायचे. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, कण्हणारा माणूससुद्धा जरा हसायचा.

त्यांची बायको आजारी पडली तेव्हा ते तिला दुसऱ्या एका दवाखान्यात घेऊन गेले होते. ती रांगेत उभी, अंगात ताप, पाय लटपटतायत. हे पाणी आणायला गेले तेवढ्यात ती मटकन खाली बसली. मागच्यांना वाटलं, हिने रांग सोडली. परत शेवटून उभं राहावं लागलं, साडेतीन तास. पंधरा दिवसांनी ती गेली. रांगेमुळे गेली असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. कंडक्टर मात्र म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझीसुद्धा हिंमत नाही.

म्हणून आमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी पिशव्यांची रांग काढली. "आजारी माणसानं का उभं राहायचं? उभी राहू दे त्याची पिशवी!" जमिनीवर पिवळी पट्टी आखली. आलेल्या माणसाने आपली पिशवी, फाइल, हेल्मेट, काय असेल ते पट्टीवर ठेवायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. एकदा एकाने नुसती चप्पल ठेवली होती, डाव्या पायाची. पुढचा नंबर झाला की कंडक्टर एकेक पिशवी उचलून एक हात पुढे ठेवत. उचलून, हं. पायाने सरकवलेली त्यांना खपायची नाही. आणि कुणाची पिशवी कधी उघडायची नाही, हा बसमधला नियम.

मी आधी नाक मुरडलं. पण दोन महिन्यांत माझ्या खिडकीवरची भांडणं निम्म्यावर आली, तेव्हा गप्प बसले. पुढे पुढे तर लोक स्वतःच शेजाऱ्याची पिशवी उचलून पुढे ठेवायला लागले. म्हातारा डुलकी घेतोय, घेऊ दे, त्याची फाइल मी सरकवतो. एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसं अशी शहाण्यासारखी वागायला लागली. मोठे साहेब येऊन फोटो काढून गेले. कंडक्टरांची छाती आठवडाभर फुगलेली होती. मी चिडवलं, "आता तुमचं नाव दारावर लावतील." ते म्हणाले, "बाई, नाव नको, एक पंखा लावा म्हणावं."

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिथेच बिनसलं. पिशवी ठेवण्याआधी माणसाने दाराजवळच्या टेबलाशी जायचं असतं. तिथे एक सिस्टर बसते. नाडी बघते, प्रेशर बघते, दोन प्रश्न विचारते. जिवावर बेतलेलं असेल तर लाल चिठ्ठी देते आणि तो माणूस केसपेपरबिपर न काढता सरळ आत जातो. बाकीच्यांनी रांगेत यायचं. म्हणजे पट्टीवर जी पिशवी आहे तिच्या मालकाला सिस्टरने बघितलेलं आहे, तो थांबू शकतो, असा त्याचा अर्थ. त्या एका टेबलावर आमची सगळी रांग उभी होती.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला कुठल्याशा बांधकामावरचा स्लॅब कोसळला आणि एकदम सात जण आले. टेबलावरच्या सिस्टरला आत ओढून नेलं. प्रेशरचं मशीन तसंच उघडं, पेन तसंच टोपणाविना. मी वर फोन केला, दुसरी सिस्टर पाठवा. "पाठवतो." अकरा वाजता परत केला. "पाठवतो म्हटलं ना!" बारा वाजता तिसरा. तेव्हा तर कुणी उचललाच नाही. भिंतीवरच्या पाटीवर 'अंदाजे थांबण्याचा वेळ' दोन तास होता, तो चार झाला.

आणि लोक येत होते. टेबल रिकामं बघून इकडेतिकडे बघायचे, आणि सरळ पट्टीवर पिशवी ठेवायचे. हे कंडक्टरांनी पाहिलं, मीही पाहिलं. आम्हा दोघांचे मिळून चार डोळे. पण रांग शांत होती हो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शांत रांग म्हणजे सगळं ठीक, ही आमची सवय झालेली. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

एक वाजून दहा मिनिटांनी हिरवी पिशवी सगळ्यात पुढे आली. जाड कापडाची, एक बंद तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली.

"हिरवी पिशवी!" कंडक्टरांनी हाक दिली.

कुणी उठलं नाही.

"हिरवी पिशवी, सुतळीवाली! चला, नंबर आला!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिसरी हाक दिली. त्यालाही कुणी नाही. तीन हाका झाल्या की पिशवी बाजूला आणि पुढचा नंबर, हा नियम. मागे पाय सुजलेला एक माणूस होता. तो लंगडत पुढे आलासुद्धा.

"अहो कंडक्टर, ठेवा ना ती बाजूला," मी काचेतून ओरडले. "गेली असेल बाई कंटाळून घरी."

कंडक्टर हलेनात. पिशवीकडे बघत उभे.

"बाई, ही पिशवी मी एकदाही उचललेली नाही."

"मग काय चालत आली?"

"नऊ चाळीसला ठेवली होती त्यांनी. त्यानंतर मी हात लावलेला नाही." ते रांगेकडे वळले. "ही कुणी सरकवली?"

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "मी. त्यांचा नंबर जाऊ नये म्हणून." एक आजोबा म्हणाले, "त्याआधी मी दोनदा." सुजलेल्या पायाचा माणूस म्हणाला, "मघाशी मीपण. त्यात काय झालं?"

"मालकीण कुणी पाहिली?"

कुणीच पाहिली नव्हती. साडेतीन तास चांगुलपणाने सगळ्यांनी एक पिशवी हातोहात पुढे आणली होती, आणि पिशवी पुढे जातेय म्हणजे बाई इथेच कुठेतरी आहे असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. कंडक्टरांनीही. मीही.

तरी माझं डोकं ठिकाणावर आलं नाही, हे कबूल करते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. समोर चाळीस पिशव्या, आत स्लॅबखालची माणसं, वर फोन न उचलणारे साहेब, आणि हा माणूस एका पिशवीपाशी खांब होऊन उभा. "कंडक्टर, तुम्ही रांग अडवताय! पुढे चला म्हणायचं की नाही आज?"

"थांबा," कंडक्टर म्हणाले. मला नव्हे, सगळ्या हॉलला. "कुणीही पुढे यायचं नाही. थांबा."

आणि त्यांनी खाली वाकून पिशवी उघडली. मी त्यांना हे करताना पहिल्यांदा पाहिलं. आत मोजपट्टी, सुयांचं पुडकं, शाळेच्या गणवेशाची एक अर्धी शिवलेली चड्डी, आणि चष्म्याची डबी. डबीत चष्मा.

"शिवणकाम करणारी बाई चष्मा टाकून घरी जाते का?" कंडक्टर म्हणाले. मग एकदम कपाळावर हात मारला. "पाणी! माझ्याकडे पाणी मागितलं होतं त्यांनी. बाटली होती हातात. मी... मी वर पाठवलं हो त्यांना."

खालचा पाण्याचा कूलर आठ दिवसांपासून बंद. वरच्या मजल्यावरचा चालू. लिफ्ट फक्त स्ट्रेचरला. म्हणजे जिन्याने.

"काय होत होतं त्यांना? काही म्हणाल्या?" मी विचारलं.

"पाठीत भरून आलंय म्हणाल्या. जबडा दुखतोय. ॲसिडिटी असेल, असं स्वतःच म्हणाल्या. मी म्हटलं, पिशवी ठेवा ताई, निवांत बसा." एवढं बोलून कंडक्टर धावत सुटले.

बावीस वर्षं त्या खिडकीवर बसून एवढं तरी कळतं, बाईमाणसाचं हृदय दुखतं तेव्हा ते नेहमी छातीतच दुखत नाही. मी खिडकीला कडी घातली आणि बाहेर पडले. मागून हॉल उसळला. "अहो मॅडम! कुठे चाललात? आमचं काय?" मी वळून बघितलं नाही.

आमचा जिना तुम्ही पाहायला हवा. पायऱ्यापायऱ्यांवर माणसं. कुणी डबा खातंय, कुणी फोनवर, कुणी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेलं. दवाखान्यात जिन्यावर बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, तो तिथे असायचाच. कंडक्टर एकेका चेहऱ्यात डोकावत वर चढत होते. "ताई? ताई, तुम्ही? नाही, माफ करा. ताई?" एकसष्ट वर्षांचा माणूस, धाप लागलेली, आणि प्रत्येक पायरीवर थांबून बघणं. मला ओरडावंसं वाटत होतं, भराभर चला! पण भराभर चालूनच तर ती सगळ्यांच्या नजरेतून निसटली होती.

वळणावर, कोपऱ्यात, ती होती.

भिंतीला टेकून बसलेली. मांडीत रिकामी बाटली, म्हणजे कूलरपर्यंत ती पोचलीच नव्हती. चेहरा राखेच्या रंगाचा. कपाळावरचे केस घामाने चिकटलेले.

दोन पायऱ्या खाली डबा खात बसलेला माणूस म्हणाला, "झोपल्यात त्या. मघाशी मी सरका म्हटलं, तर सरकल्या नाहीत."

कंडक्टर गुडघ्यांवर बसले. नाकाशी बोट धरलं. किती वेळ गेला देवाला ठाऊक, दोन सेकंद असतील.

"आहे! श्वास आहे! उचला!"

स्ट्रेचर आणायला वेळ नव्हता. कंडक्टरांनी काखेत हात घातले, त्या डबेवाल्या माणसाने पाय धरले, मी मध्ये कमरेला आधार दिला. पंधरा पायऱ्या. माझ्या आयुष्यात मी एवढा लांब जिना उतरले नाही. हॉलमधून गेलो तेव्हा रांग आपोआप दुभंगली. आतल्या दारावर नवीनच लागलेला एक पोरगेलासा डॉक्टर आडवा आला. सवयीने म्हणाला, "केसपेपर?"

"मीच केसपेपर!" मी अशी किंचाळले की तो भिंतीला चिकटला. "सरक!"

आत बाईंना पलंगावर टाकलं. मोठ्या मॅडम डॉक्टर स्लॅबखालच्या एकाला टाके घालत होत्या. हातमोजे तसेच काढून फेकत धावत आल्या. छातीवर वायरी लावल्या, कागदाची पट्टी बाहेर यायला लागली. त्यांनी ती एकदा बघितली आणि भराभर औषधांची नावं सांगायला लागल्या. मग मान वर न करता विचारलं, "कधीपासून आहे हे?"

नातेवाईक कुणी नव्हतंच. कंडक्टर म्हणाले, "नऊ चाळीसच्या आधीपासून."

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक सत्तावीस.

"बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. मला वाटलं होतं लोक मला फाडून खातील. एकदोघे पुटपुटलेही. कॉलेजची मुलगी रडत होती. "मी सरकवायलाच नको होती." मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण मी पट्टीकडे बघत होते, आणि कंडक्टरही. चाळीस पिशव्या. कुठली कुणाची?

"सगळे उठा!" कंडक्टर ओरडले. "ज्याला उठता येत नाही त्याने हात वर करा! आपापल्या पिशवीपाशी या!"

लोक उठले, लंगडत, कण्हत, एकमेकांना धरत. दोन पिशव्या उरल्या. एकीचा मालक बाहेर फोनवर बोलताना सापडला. त्याला कंडक्टरांनी दंडाला धरून आणलं. दुसरीचा मालक सापडेना. पाच मिनिटं, सात मिनिटं. शेवटी तो संडासातून बाहेर आला आणि सगळा हॉल आपल्याकडे असा का बघतोय म्हणून बिचारा दारातच थबकला.

मग मी वर चौथा फोन लावला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईने ऐकलं असतं तर माझ्या थोबाडीत दिली असती. सहा मिनिटांत सिस्टर आली. सहा मिनिटांत! सकाळी तीनदा सभ्यपणे मागितली होती.

तिने रांगेतल्या प्रत्येकाची नाडी बघितली आणि आणखी एकाला लाल चिठ्ठी दिली. कॉलेजच्या मुलीमागे बसलेले ते आजोबा, हिरवी पिशवी दोनदा सरकवणारे. त्यांचं प्रेशर कुठच्या कुठे गेलं होतं. ते सिस्टरला म्हणत होते, "नाही नाही, माझ्यापुढे सात जण आहेत."

चार वाजता मॅडम डॉक्टर बाहेर आल्या. "जगतील. पण उशीर झालाय. हृदयाचा जो भाग गेला तो गेला. आता जिना चढणं, मशीन चालवणं, सगळं जपून." कंडक्टरांनी मान डोलावली, नळापाशी जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ तोंड धूतच राहिले.

वरून चौकशी झाली. कागदावर एक ओळ आली, 'रुग्ण नेमून दिलेल्या जागी उपस्थित नव्हता.' मी तो कागद साहेबांच्या टेबलावर परत आपटला आणि सांगितलं, जागी नव्हती ती सिस्टर, आणि ती का नव्हती ते तुमच्या फोनला विचारा. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. कंडक्टरांनी मात्र पट्टी खरवडून काढली. लोक पुन्हा उभे राहायला लागले, भांडणं सुरू झाली, आणि कंडक्टरांच्या तोंडून 'पुढे चला' ऐकू येईना. घरी जेवत नाहीत, त्यांची सून मला फोनवर सांगत होती.

सहाव्या दिवशी ते हिरवी पिशवी घेऊन माझ्या खिडकीशी आले. "बाई, वॉर्डात जायचंय. एकट्याने पाय उचलत नाही."

आम्ही गेलो. ती उशीला टेकून बसली होती. बारीकशी, पन्नाशीची बाई. शाळांचे गणवेश शिवते, घरी एक भाची आहे, ती संध्याकाळी येते. पिशवी बघून तिचा चेहरा उजळला. आधी चष्मा काढून घातला, मग कंडक्टरांना ओळखलं.

"दादा, तुमचे उपकार झाले."

कंडक्टर उभेच्या उभे. "कसले उपकार, ताई? मी तुम्हाला जिन्यावर पाठवलं."

"तसं नाही हो. तुम्ही किती काळजीने सांगितलंत, निवांत बसा म्हणून. आणि माझा नंबर शेवटपर्यंत राखलात. पहिला नंबर आला होता ना माझा? सिस्टर सांगत होत्या."

कंडक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे बघू नये.

"जिन्यात जास्त दुखायला लागलं तेव्हा हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

"मारणार होते. माणसं जात-येत होती की. पण म्हटलं, इथे सगळ्यांनाच दुखतंय. आपण कशाला तमाशा करायचा? नंबर तर लागलेला आहे." तिने चष्मा सारखा केला. मग हळूच कंडक्टरांना विचारलं, "दादा, पुन्हा कधी असं झालंच, तर किती वाजता येऊ? म्हणजे नंबर लवकर लागेल."

कंडक्टर स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"ताई, पुन्हा झालं तर नंबर लावायचा नाही. पिशवी ठेवायची नाही. माझं ऐकायचं नाही. दारातून ओरडत यायचं."

"अगंबाई! ओरडत?" ती लाजून हसली. "मला नाही येत ओरडता."

"शिका. आत्ता शिका. पाठ भरून आली, जबडा दुखला, तरी हेच म्हणा, माझ्या छातीत दुखतंय."

"इथे? सगळे आजारी आहेत दादा."

"म्हणा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"माझ्या छातीत दुखतंय," ती म्हणाली. शेजारच्या पलंगालाही ऐकू गेलं नसेल.

"हे मला ऐकू आलं नाही. दारावर मी आहे, समोर दोनशे माणसं आहेत, सिस्टर जागेवर नाही. म्हणा."

"माझ्या छातीत दुखतंय."

"अजून मोठ्याने, ताई." कंडक्टरांचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि ते पुसत नव्हते. "पाया पडतो तुमच्या. मोठ्याने."

तिने चादर मुठीत धरली, डोळे मिटले. "माझ्या छातीत दुखतंय!"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. टोकाच्या टेबलावरून सिस्टर खुर्ची पाडून धावत आली. "काय झालं? काय होतंय?"

"काही नाही सिस्टर," कंडक्टर म्हणाले. "ताई शिकतायत."